लोणी येईना

इंग्लंडच्या मध्यभागी नॉर्थॅम्प्टनशायर नावाचा परगणा आहे. चारशे वर्षांपूर्वी तिथल्या एका गावात एक सुईण राहत होती. नवरा कधीच वारला होता. मूलबाळ नव्हतं. गावाच्या कडेला, गायरानाला लागून तिचं एका खोलीचं घर होतं. मागे भाजीचे दोन वाफे, दारात चार बदकं आणि खुंट्याला एक म्हातारी गाय.

जमीन तिच्या नावावर वीतभरही नव्हती. तरी ती उपाशी राहत नव्हती. गाय गायरानात चरत होती. चुलीपुरती काटकुटं गायरानातच मिळत. गव्हाची कापणी झाली की बायका शेतात शिरून सरवा वेचत, आणि त्यासाठी कुणाला विचारावं लागत नसे. पीक घरात आलं की सगळी शेतं सगळ्यांच्या गुरांना मोकळी. जमीन कुणाची हे गावाला ठाऊक होतं, आणि त्या जमिनीवर आणखी कुणाकुणाचा किती हक्क आहे हेही ठाऊक होतं. कागदावर फारसं काही नव्हतं. वहिवाट होती.

गावातली अर्धी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती. सगळे तिला सुईणआई म्हणत. बाळंतपणाचे पैसे ती मागत नसे. कुणी अंडी देई, कुणी पाव, कुणी डुक्कर कापल्यावर त्यातला वाटा. तापाला कुठला पाला उकळायचा, बाळंतिणीला दूध उतरत नसेल तर काय द्यायचं, हे तिला माहीत होतं. औषध कधी लागू पडे, कधी पडत नसे. पडलं नाही तर लोक म्हणत, देवाची मर्जी.

तिच्या शेजारी एक शेतकरी जोडपं होतं. शेजारीण सुईणआईच्याच हातावर जन्मली होती आणि तिची तीन मुलंही. सुईणआईची गाय आटली की शेजारीण लोणी काढायच्या दिवशी ताकाचं एक भांडं बांधावरून पलीकडे देई. त्याला दोघींपैकी कुणी दान म्हणत नव्हतं. ताक उरलं की शेजारी जातं, एवढंच.

मग लोकरीचा भाव चढला.

गावची बहुतेक जमीन ज्याच्या नावावर होती तो जमीनदार शिकलेला आणि हिशेबी होता. शेती करायची तर नांगराला, पेरणीला, कापणीला माणसं लागतात. त्याच रानात मेंढ्या सोडल्या तर एक मेंढपाळ आणि एक कुत्रा पुरतो. लोकरीचे व्यापारी तर रोख पैसे मोजत होते. त्याने जुने दस्तऐवज काढले, वकील आणले, आणि एका हिवाळ्यात गायरानाभोवती चर खणून घेतला. चरातून निघालेल्या मातीच्या बांधावर काटेरी रोपं लावली. वसंतात त्यांना पालवी फुटली, पांढरी फुलं आली. इंग्लंडच्या चित्रांत ती कुंपणं आजही फार देखणी दिसतात.

सुईणआईने गाय विकली. चारा विकत घेणं तिला शक्य नव्हतं. बदकंही गेली. कुंपणातली वाळकी काठी मोडून आणली तर ती आता चोरी होती. जिथे गहू होता तिथे गवत आलं, तेव्हा सरवाही संपला. गावातली काही कुटुंबं चंबूगबाळं उचलून शहराच्या वाटेला लागली. त्यांच्या घरांची छपरं दोन पावसाळ्यांत खाली आली.

१६०७ च्या मे महिन्यात त्या परगण्यात माणसं उठली. त्यांच्याकडे शस्त्रं नव्हतीच म्हटलं तरी चालेल. कुदळी आणि फावडी घेऊन ती गावोगाव जात, कुंपणं उपटत आणि चर बुजवत. पुढारी होता भांडी सांधणारा एक कारागीर, जॉन रेनॉल्ड्स. लोक त्याला कॅप्टन पाउच म्हणत. त्याच्या कमरेला एक पिशवी असे. तिच्यात असं काही आहे की कुणी आपलं वाकडं करू शकणार नाही, असं तो सांगे. पुरुषांच्या बरोबरीने बायका होत्या, पोरंही होती.

एका रात्री गावातले लोकही निघाले. सुईणआई फावडं घेऊन गेली. चरात माती ओढताना तिने बाजूला पाहिलं, तर घागरा खोचून शेजारीण उभी होती. दोघी पहाटेपर्यंत माती ओढत राहिल्या. घरी परतताना शेजारीण म्हणाली, "आई, ह्यांना सांगू नका हं." सुईणआई हसली.

जूनच्या ८ तारखेला न्यूटन गावाजवळ ते बंड मोडलं. सरकारने परगण्यातल्या शिपायांना बोलावलं होतं, पण आपल्याच लोकांवर हात उचलायला त्यांतले बरेच जण राजी नव्हते. मग जमीनदारांनी आपापले घरगडी हत्यारं देऊन घोड्यांवर बसवले. चाळीसहून अधिक माणसं तिथे मारली गेली. पुढाऱ्यांना फाशी झाली. कॅप्टन पाउचची पिशवी उघडली तेव्हा आत चीजचा एक तुकडा निघाला.

गावातला चर पुन्हा खणला गेला.

त्या शरद ऋतूत जमीनदाराने कुंपणाच्या आतला एक तुकडा शेजारणीच्या नवऱ्याला खंडाने दिला. बंडाच्या वेळी हा माणूस घराबाहेर पडला नव्हता, हे जमीनदाराच्या लक्षात होतं. खंड रोख द्यायचा होता आणि तो वाढत जाणार होता. म्हणून घरातलं लोणी बाजारात जाऊ लागलं. ताक डुकरांना घालायचं ठरलं, कारण डुकरंही बाजारातच जायची होती. बांधावरून पलीकडे जाणारं भांडं आधी आठवड्याने, मग महिन्याने जाऊ लागलं. मग थांबलं. शेजारणीने ते एका दिवसात थांबवलं असं नव्हे. एकेका आठवड्याला काही ना काही कारण निघत गेलं.

अशी पाच वर्षं गेली. सुईणआई थकली. हातपाय चालत होते तोवर तिने लोकांची लोकर कातून दिली, पण कातणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या होत्या आणि कातणावळ थोडी. ती दारोदार जाऊ लागली. कुठे मूठभर पीठ, कुठे सरपणाची काटकी. मागताना ती हात पसरत नसे. जुन्या ओळखीने मागे, आणि त्यामुळेच लोकांना ती जास्त नकोशी होई. भिकाऱ्याला हाकलता येतं. आपली नाळ जिने कापली तिला हाकलणं अवघड असतं.

१६१२ च्या मे महिन्याच्या अखेरीस ती शेजारणीच्या दारात आली.

"पोरी, थोडं ताक देतेस का?"

शेजारीण उंबऱ्यात उभी राहिली. मागे ताकाची बादली भरलेली होती. अंगणातून नवऱ्याचा आवाज आला, "आई, गरिबांसाठी आम्ही कर भरतो. चर्चमध्ये वाटप होतं, तिथे जा."

तो खोटं बोलत नव्हता. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक गावावर गरिबांसाठी कर बसला होता. त्यातून सुईणआईला आठवड्याला काही पेन्स मिळत. त्यांत पाव येई, पण आठवडा निघत नसे. मात्र त्या करामुळे नवऱ्याला एक गोष्ट सोपी झाली होती. कर भरला की दाराशी आलेल्याचं देणं फिटलं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

शेजारीण काहीच बोलली नाही. सुईणआई म्हणाली, "बरं." ती वळली, आणि वाटेला लागताना स्वतःशीच पुटपुटली, "देव बघतोय सगळं."

शेजारणीने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी लोणी येईना. शेजारीण सकाळपासून घुसळत होती. दुपार झाली, हात भरून आले, तरी साय फेसाळत राहिली. हवेत उकाडा होता, आणि उकाड्यात लोणी रुसतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तरी तिने लोखंडी सळई लाल करून आत बुडवली, कारण करणी असेल तर ती असं केल्याने सुटते अशी समजूत होती. लोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी वासरू मेलं. त्याच रात्री धाकटा मुलगा तापाने फणफणला.

नवऱ्याने विचारलं, "ती जाताना काय म्हणाली होती?"

शेजारणीला नुसता राग आला असता तर बरं झालं असतं. तिला लाज वाटली होती. लाज घेऊन माणसाला झोप लागत नाही, आणि तिच्यावर उपायही सापडत नाही. भीतीवर मात्र उपाय असतो. त्या रात्री मुलाच्या उशाशी बसल्या बसल्या तिची लाज भीतीत बदलली. पहाटेपर्यंत तिला खरंच वाटू लागलं की सुईणआईने काहीतरी केलं आहे. आणखी एक गोष्ट तिच्या मनात येऊन गेली. चरातली ती रात्र सुईणआईला माहीत होती.

परगण्यात तक्रार ऐकायला दंडाधिकारी असे. हे काम बड्या जमीनदारांकडेच असायचं. तसं या गावाला जो दंडाधिकारी लाभला होता, तो गायरानाला कुंपण घालणाराच होता. त्याने शेजारणीला बसायला सांगितलं, पाणी दिलं. कारकून लिहू लागला.

"तिने काय मागितलं?"

"ताक."

"तुम्ही दिलंत?"

"नाही."

"मग ती काय म्हणाली?"

"देव बघतोय म्हणाली."

"मोठ्याने म्हणाली?"

"पुटपुटली."

कारकुनाने लिहिलं, नकार मिळाल्यावर आरोपी पुटपुटत गेली. मग लोणी, मग वासरू, मग मुलगा. दंडाधिकारी दुष्ट नव्हता. चेटूक असतं यावर त्याचा विश्वास होता. चेटकाविरुद्धचा १६०४ चा कायदा जे विचारायला सांगत होता तेवढंच त्याने विचारलं. सुईणआईला ताक मागायची वेळ का आली, तिची स्वतःची गाय कुठे गेली, हे त्या कायद्यात नव्हतं. म्हणून त्या कागदात गायरान आलं नाही आणि कुंपणही आलं नाही. ताकाचं एक भांडं तेवढं आलं.

मग गावातल्या इतरांनाही आठवू लागलं. आठ वर्षांपूर्वी एकीचं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हा ती देवाची मर्जी होती. आता तिला दुसरं नाव मिळालं.

गिरणीच्या तळ्यावर सुईणआईची परीक्षा झाली. उजव्या हाताचा अंगठा डाव्या पायाच्या अंगठ्याला आणि डाव्या हाताचा उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधून तिला दोरीने पाण्यात सोडलं. चेटकीण बुडत नाही, पवित्र पाणी तिला घेत नाही, असं राजा जेम्सने स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं. घागऱ्यात हवा भरली आणि ती तरंगली. तिला नॉर्थॅम्प्टनच्या तुरुंगात नेलं. उन्हाळ्यातल्या फेरीला न्यायाधीश येईपर्यंत तिथे थांबायचं होतं. तिथे ताप होता. न्यायाधीश येण्याआधीच सुईणआई गेली. त्यामुळे ती चेटकीण होती की नव्हती याचा निकाल कधी लागलाच नाही.

मुलाचा ताप तिला धरून नेण्याच्या आदल्या दिवशीच उतरला होता. हवा गार झाली तसं लोणीही येऊ लागलं होतं. ते कुणी कागदात घातलं नाही.

त्याच वर्षी २२ जुलैला नॉर्थॅम्प्टनमध्ये चार बायका आणि एक पुरुष यांना चेटूक केल्याबद्दल फाशी झाली. गावातले लोक बघायला गेले. फासावर चढलेल्यांत एक आई होती आणि तिची मुलगी होती. त्या मुलीला एका घरंदाज बाईने मारलं होतं. पुढे ती बाई दुखण्याने पडली, तेव्हा दोष मार खाणारीवर आला.

हिवाळ्यात सुईणआईचं घर पाडलं. त्या घरामुळे कुंपणाला एक वळण घ्यावं लागत होतं. ते आता सरळ झालं.

इथे गोष्ट जरा थांबवू या. हे गाव आणि ही माणसं कल्पनेतली आहेत. बंड, कायदे आणि नॉर्थॅम्प्टनचे फास खरे आहेत. अ‍ॅलन मॅकफार्लेन आणि कीथ थॉमस या दोन इतिहासकारांनी १९७०-७१ च्या सुमारास इंग्लंडमधले जुने खटले तपासले. मदत नाकारणाऱ्यानेच पुढे नकार मिळालेल्या म्हातारीवर आळ घेतला, हा क्रम त्यांना पुन्हा पुन्हा दिसला. सिल्व्हिया फेडेरिची यांनी २००४ मध्ये त्याहून पुढचं म्हटलं. गायरानं गेली, पैशाचा नवा व्यवहार आला, आणि त्या व्यवहाराला बायकांचं एकत्र येणं, त्यांचं ज्ञान आणि त्यांची जीभ अडचणीची होती, असं त्यांचं म्हणणं. या म्हणण्यावर आक्षेपही आहेत. चेटकिणींच्या सर्वांत भयंकर शिकारी जर्मन भाषक संस्थानांत झाल्या आणि तिथे धर्मयुद्धं, दुष्काळ आणि छळाने वदवून घेतलेले जबाब होते. एकट्या कुंपणाने सगळं उलगडत नाही, हे मान्यच करायला हवं. युरोपभर तीन शतकांत चेटकाच्या आरोपावरून सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली, आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. इंग्लंडने चेटकाविरुद्धचा तो कायदा १७३६ मध्ये रद्द केला. आणि आपल्याकडे? सातपुड्यात 'डाकीण' म्हणून बायकांना अजून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्ह्यांची जी यादी आहे, तिच्यात मंत्रतंत्राने गुराचं दूध आटवल्याचा आळ घेणं हेही लिहावं लागलं आहे. गरज असल्याशिवाय असं कलम कोण लिहील?

गोष्ट थोडी उरली आहे.

आठ वर्षांनी शेजारणीची थोरली मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. मध्यरात्री कळा सुरू झाल्या. पाऊस होता. शेजारीण कंदील घेऊन विणकराच्या घरी गेली. विणकराच्या बायकोने कितीतरी वर्षं सुईणआईची पिशवी वाहिली होती. तिने दार बोटभर उघडलं.

"मला त्यातलं काही येत नाही हो," ती म्हणाली.

"तू असायचीस त्यांच्याबरोबर."

"मी नुसती उभी असायचे. मूल दगावलं तर?" तिने दार लावून घेतलं.

पुढच्या दोन घरांतही हेच झालं. एकीने तर आपण सुईणआईला नीट ओळखतही नव्हतो असं सांगितलं. तिची सगळी मुलं सुईणआईच्याच हातावर जन्मली होती.

शेजारीण भिजून घरी परतली. मुलगी ओरडत होती. मूल पायाळू होतं. आपला धाकटाही पायाळू होता, तेव्हा सुईणआईने काय केलं होतं ते शेजारीण आठवू लागली. आधी मुलीला गुडघ्यांवर टेकवलं. घाई करू दिली नाही. मग हात मऊ करायला काही हवं होतं. सकाळी बाजारात न्यायचं लोण्याचं मडकं कोपऱ्यात होतं. त्यावरचं फडकं काढून तिने दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले.

उजाडायच्या सुमारास नातू झाला. मुलगी वाचली, मूलही रडलं.

सकाळी पाद्रीबाबा आले. बाप्तिस्म्याचं बोलणं झालं. मग नाव लिहिताना त्यांनी सहज विचारलं, "बाळंतपण कुणी केलं?"

शेजारणीने हात पाठीमागे घेतले.

"कुणीच नाही, बाबा," ती म्हणाली. "आपोआप झालं."